आयएसएसएन म्हणजे शोधपत्रिकेचा शिक्का नव्हे

महोदय,

‘आमच्या अंकाला आयएसएसएन आहे’ एवढ्या भांडवलावर साधी मासिकेही शोधपत्रिका म्हणून मिरवतात आणि पीएच.डी.च्या घाईतले विद्यार्थी तिथे पैसे भरून लेख छापून घेतात. हा आठ अंकी क्रमांक फक्त नियतकालिकाची ओळख पटवतो. तो पाककृतींच्या मासिकाला मिळतो, दैनिकालाही मिळतो. मजकूर कुणी तपासला, हे त्यावरून कळत नाही.

कळते ते लेखाच्या पहिल्या पानावर. लेखकाची संस्था, सारांश, बीजशब्द आणि बऱ्याच ठिकाणी ‘प्राप्त’ व ‘स्वीकृत’ अशा दोन तारखा असतात. त्यांत चारच दिवसांचे अंतर असेल, तर परीक्षण झाले कधी? दोन तज्ज्ञांनी वाचायचे, लेखकाने दुरुस्त्या करायच्या, यात सहसा महिने जातात. (जुन्या अंकांत या तारखा नसतात, तेवढ्यावरून त्यांना बाद करू नये.) मग संदर्भसूचीतले दोन-तीन संदर्भ प्रत्यक्ष उघडून पाहावेत, अस्तित्वातच नसलेले लेख तिथे पकडले जातात. पुष्कळ शोधपत्रिकांचे पृष्ठांक खंडभर (म्हणजे सहसा वर्षभराच्या अंकांत) सलग चालतात, म्हणून दुसरा अंक १४५व्या पानापासून सुरू झाला तर ती छापखान्याची चूक समजू नये.

रूपावर मात्र जाऊ नये. आपल्या वडोदऱ्याच्या प्राच्यविद्या मंदिराची शोधपत्रिका १९५१ पासूनची, पण तिला झगमगाट नाही. ‘नेचर’ रंगीत साप्ताहिक. त्यात बातम्या आणि मतेही असतात, आणि परीक्षण झालेले शोधनिबंधही. म्हणजे एकाच अंकातला एक लेख संशोधन म्हणून चालतो, शेजारचा चालत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) मान्य शोधपत्रिकांची ‘केअर’ यादी २०१९मध्ये आली, २०२५मध्ये बंद झाली. त्यामुळे आज कुणी ‘केअर मान्य’ म्हणून लेख मागत असेल, तर तिथेच थांबावे. नामांकित पत्रिकेचे नाव आणि क्रमांक उचलून बनावट संकेतस्थळे उभी राहतात, तेव्हा ईमेलमधल्या दुव्यावरून लेख पाठवू नये. तिथल्या एखाद्या छापील लेखाचा डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) doi.org वर स्वतंत्रपणे टाकून पाहावा. तो त्याच लेखावर गेला पाहिजे.

आपल्या दैनिकात ‘शोधनिबंध प्रसिद्ध’ अशी अभिनंदनाची बातमी देताना पत्रिकेचे नाव, खंड आणि अंक छापावा, ही विनंती.

– नियतकालिकांचा एक वाचक,
दांडिया बाजार, वडोदरा