प्रोबेशन अधिकारी मॅडमना जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

गुन्हा सिद्ध झालेल्या माणसाला पुन्हा कामावर घेतले पाहिजे, असे बोलणारे पुष्कळ भेटतात. सरकारी कचेरी आणि कारखाना यांच्यामध्ये उभे राहून ते घडवून आणणारे फार थोडे. तुम्ही ते आमच्या डोळ्यांदेखत केलेत, म्हणून हे आभार जाहीरपणे मानत आहे.

उद्यमबागेतील आमच्यासारख्या धातूचे ओतकाम करणाऱ्या लहान फाउंड्रींना मोल्डिंग (साचे बनवणे), कोअर (साच्यातला गाभा बनवणे) आणि फेटलिंगच्या (ओतलेले भाग साफ करण्याच्या) कामासाठी माणसे नेहमीच कमी पडतात. तरीही न्यायालयाने प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगात न पाठवता तुमच्या देखरेखीखाली, सोडलेल्या एका तरुणाविषयी तुम्ही विचारलेत, तेव्हा गुन्हा कोणता होता, बाकीचे कामगार काय म्हणतील आणि उद्या काही झाले तर जबाबदारी कोणाची, हे मी स्पष्टच विचारले. तुम्ही त्याची संमती घेऊन सारे उघडपणे सांगितलेत. न्यायालयाचा आदेश कन्नडमध्ये होता. तो तुम्ही मला, आणि नंतर सीमेलगतच्या गावात राहणाऱ्या त्याच्या आईवडिलांना, ओळीओळीने मराठीत समजावून दिलात. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमातील कलम १४ प्रमाणे देखरेखीखालच्या माणसाला गरजेनुसार योग्य काम मिळवून देण्याचा प्रयत्न करणे हे प्रोबेशन अधिकाऱ्याचे कर्तव्यच आहे, आणि कलम १२ मुळे अशा माणसाला दोषसिद्धीपायी येणारी कायदेशीर अपात्रता लागू होत नाही, हे मला तुमच्याकडूनच कळले. कारखानदारांच्या बैठकांत या तरतुदींचा उल्लेख मी कधी ऐकला नव्हता.

खरी कसोटी त्यानंतरच्या कागदपत्रांची होती. त्याचा आधारशी जोडलेला मोबाईल क्रमांक बंद पडला होता आणि बँकेचे खाते व्यवहाराअभावी निष्क्रिय झाले होते. मग पगार जमा कुठे करायचा, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि भविष्य निर्वाह निधीची नोंदणी कशी करायची? कायदा सगळा अनुकूल असूनही माणूस अशा वेळी फाटकाबाहेरच राहतो. तुम्ही प्रत्येक कचेरीत स्वतः बोललात आणि तुमच्यासमोरची त्याची हजेरी आमच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ठेवलीत, त्यामुळे त्याची पाळी कधी बुडाली नाही. पहिल्या पगारानंतरही तुम्ही आमच्या फोरमनकडे त्याची चौकशी करत राहिलात. मालकाला धीर येतो तो अशा पाठपुराव्यामुळे, असे माझे ठाम मत आहे.

शिक्षा पूर्ण भोगून हिंडलग्याच्या कारागृहातून बाहेर पडणाऱ्यांची स्थिती मात्र याहून अवघड आहे. कलम १२ चे संरक्षण त्यांना नाही. सुटकेनंतरच्या पुनर्वसनाकडे लक्ष देण्याची शिफारस कारागृह सुधारणांसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती मुल्ला समितीने १९८३ मध्येच केली होती. पण कारागृह, सेवायोजन कार्यालय, जिल्हा उद्योग केंद्र आणि आम्ही कारखानदार यांना एकत्र बसवण्याचे काम आजही एखाद्या अधिकाऱ्याच्या तळमळीवर अवलंबून आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तो तरुण आता कोअर विभागात कायम आहे. पुढच्या भरतीत तुम्ही पाठवाल त्या दोघांसाठी मी जागा ठेवल्या आहेत, आणि मच्छे व होनगा येथील ज्या कारखानदारांना याविषयी शंका आहेत, त्यांच्याशी बोलायला तुमच्याबरोबर यायची माझी तयारी आहे. दिवस तेवढा कळवावा.

आपला कृतज्ञ,
उद्यमबाग, बेळगाव येथील एक फाउंड्रीचालक