शुगर लो होते तेव्हा, आणि होऊ नये म्हणून

प्रिय मित्रा,

तुझी रक्तातल्या साखरेची आठवड्याभराची नोंद नीट पाहिली. ६१, ५८, ६४ (mg/dL), आणि तिन्ही वेळा दुपारी दोनच्या आसपास. त्या तिन्ही दिवशी जेवण तीनवर गेलेलं. म्हणजे तू कमी खातोस असं नाही, वेळेवर खात नाहीस. तुझी मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि तू जेवलास की मीटिंगमध्ये अडकलास याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं. मधुमेहाच्याच दुसऱ्या गोळीवर, एकट्या मेटफॉर्मिनवर, असतास तर हा प्रश्न सहसा आलाच नसता.

आधी तुझी एक गल्लत दूर करतो. लो झाल्यावरचं खाणं आणि मधल्या वेळचं खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ५८ आल्यावर तू चॉकलेट खाल्लंस. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. वीस मिनिटं काहीच फरक पडला नाही म्हणून वर बिस्किटांचा पुडा संपवलास आणि संध्याकाळी २४०! मीटर ७०च्या खाली दाखवत असेल तर १५ ग्रॅम लवकर भिनणारी साखर घ्यायची: चहाच्या चमच्याने सपाट चार चमचे साखर अर्ध्या पेला पाण्यात, किंवा १२० मिली फळांचा रस, किंवा ४ ग्रॅमच्या चार ग्लुकोजच्या गोळ्या. शीतपेय चालतं, पण डाएट नको, त्यात साखरच नसते. साध्या शीतपेयातही हल्ली साखर कमी-जास्त असते, लेबल वाच. मग १५ मिनिटं थांब. हीच खरी अवघड १५ मिनिटं. आकडा वर यायला लागला तरी भूक आणि थरथर लगेच थांबत नाही, आणि हात पुन्हा डब्याकडे जातो. पुन्हा तपास. अजून ७०च्या खाली असेल तर आणखी १५ ग्रॅम. ५४च्या खाली गेलं तर ते गंभीर समज आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळव.

तपासण्याआधी बोट धुऊन कोरडं कर. बोटाला रस किंवा साखर लागलेली असेल तर मीटर खोटा मोठा आकडा दाखवतो आणि तू उगाच निश्चिंत होतोस. पुढेमागे दंडावर साखर मोजणारा सेन्सर लावलास तर लक्षात ठेव, तो रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो. साखर घेतल्यावरची खात्री बोटावरच कर.

सपाट चमचा म्हणजे चमच्याच्या कडेवरून सुरी फिरवून वरची साखर काढलेला. त्यात साधारण ४ ग्रॅम साखर मावते, शीग लावली की बरीच जास्त. म्हणून घरी एकदाच १६-१६ ग्रॅमच्या पुड्या बांधून ठेव: एक खिशात, एक बॅगेत, एक उशाशी. घाम फुटलेला असताना चमचे मोजत बसणं कुणालाच जमत नाही. आणि हो, अकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही मधुमेहाची औषधं कधी सुरू झाली तर या पुड्यांचा भरवसा धरू नकोस. ही औषधं साध्या साखरेचं विघटन लांबवतात, तेव्हा ग्लुकोजच लागतं.

आकडा ७०च्या वर आला आणि जेवणाला तासाहून जास्त वेळ असेल, तर मग सावकाश पचणारं काही खा. ब्रेडच्या एका स्लाइसबरोबर उकडलेलं अंडं, किंवा पेलाभर दूध आणि मूठभर शेंगदाणे. नुसतं अंडं किंवा नुसते शेंगदाणे नकोत, त्यांत कर्बोदकं फार थोडी. उलट, नुसता रस रोजचा मधला खाऊ म्हणून निरुपयोगी आहे. तो झटकन चढतो, पण टिकत नाही.

रोजचा बेत सोपा आहे. गोळी नाश्त्याबरोबरच घे, उपाशीपोटी घेऊन निघू नकोस. दोन खाण्यांमध्ये चार-पाच तासांहून जास्त अंतर नको. जेवण एकनंतर जाणार हे सकाळीच दिसत असेल तर साडेबाराला दूध-शेंगदाणे घे, लक्षणांची वाट पाहू नकोस. तिन्ही जेवणांत कर्बोदकं साधारण सारखी ठेव. सकाळी जेमतेम आणि रात्री ताटभर, हे या गोळीला मानवत नाही. उलट्या होत असतील किंवा खाणं जातच नसेल, तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन कर.

संध्याकाळी जोरात चाललास, पोहलास, तर त्याचा परिणाम रात्रीपर्यंत, कधी दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतो. त्या दिवशी झोपण्याआधी तपास. दारूचं तर विचारूच नकोस. यकृत ती निस्तरण्यात गुंतलं की नवीन ग्लुकोज बनवणं मागे पडतं, म्हणून रिकाम्या पोटी कधीच नाही. शिवाय लोची लक्षणं लोकांना झिंगच वाटते. घरच्यांना एवढं सांगून ठेव: शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट रुग्णवाहिका बोलवायची.

एवढं सांभाळूनही आठवड्यात दोनदा लो होत असेल, तर गोळीला पोसण्यासाठी खात राहू नकोस. त्याने वजनच वाढेल. डोस कमी करायचा का, हे डॉक्टरांना विचार, आणि ही नोंद घेऊन जा. वारंवार लो झालं की शरीर घाम-धडधडीचे इशारे देणं कमी करतं, त्यामुळे हे लांबवू नकोस. पुढच्या नोंदीत आकड्याशेजारी शेवटचं खाणं किती वाजता झालं तेही लिही.

तुझा,
जुना मित्र