भिंतीपलीकडं काय दिसलं?

प्रिय विज्या,

दीड वर्ष पत्र नाही. शिव्या घाल, ऐकून घेतो. तब्येत ठीक, शुगर आटोक्यात, आईचा गुडघा तसाच.

लिहायला बसलो ते सईमुळं. पोरीनं हॅम्बुर्गला पीएचडीसाठी अर्ज केलाय. अ‍ॅक्सिऑन, तो अजून कुणाला न सापडलेला हलका कण, शोधायचाय म्हणे!

हो, तोच, भौतिकशास्त्रज्ञ विल्चेकनं धुण्याच्या पावडरीवरून बारसं केलेला. २००६ साली इटलीतल्या प्रयोगात चुंबकीय क्षेत्रातनं जाणाऱ्या लेसरचं ध्रुवण, म्हणजे प्रकाशलहरींची डोलायची दिशा, किंचित फिरलं, तर तू रंकाळ्यावर बोंबलत आलास, "सापडला!" मी म्हटलं, यंत्राची खोड असणार. मिसळीची पैज लागली. पुढच्या वर्षी त्यांनीच यंत्र सुधारून मोजलं, फिरणं गायब. मिसळ अजून बाकी आहे, लेका.

हॅम्बुर्गचा प्रयोग २०२३ पासून सुरू आहे. जुन्या हेरा त्वरकाचे, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्राचे, २४ चुंबक, रिंगणासाठी वाकडे केलेले, ते सरळ करून घेतलेत. (तुझे उद्यमनगरचे काका म्हणाले असते, "आणा इकडं, दोन दिवसांत देतो.") १२ अलीकडं, १२ पलीकडं, मधे भिंत. अलीकडं लेसर आरशांत कोंडून त्याची ताकद वाढवायची. एखाद्या फोटॉनचा, म्हणजे प्रकाशकणाचा, अ‍ॅक्सिऑन झालाच, तर तो भिंतीतनं आरपार जाणार आणि पलीकडच्या चुंबकात परत फोटॉन होणार. दिवसाला एखादा दिसला तरी दिवाळी.

आईला सांगितलं, विश्वातलं ८५ टक्के द्रव्य दिसत नाही, ते कदाचित असल्याच हलक्या कणांचं असेल. तिनं टॉर्च उचलला, देवघराच्या भिंतीवर मारून तसाच स्टुलावर ठेवला, आणि लंगडत पलीकडं स्वयंपाकघरात गेली. तिथनंच ओरडली, "काय येत नाही रे इकडं!" सई हसून लोळली. मला हसू आलं नाही.

सई तिशीला पोचेल, विज्या, आणि हातात काय? एका आलेखावर रंगवलेला पट्टा: इथं नाही, इथंही नाही. वर्गात मी ठासून सांगतो, शून्य हेही उत्तर असतं. पण माझ्या पाच वर्षांचं शून्य आलं त्या दोन रात्री रंकाळ्याच्या कठड्यावर हे वाक्य कुणी ऐकवलं असतं, तर पाण्यात ढकलला असता. तू ऐकवलं नाहीस. शेंगा सोलत बसलास नुसता. वर माझ्याच वाटणीच्या खाल्ल्यास, ते वेगळं.

त्या रात्रींचं सईला सांगू? सांगितलं तर बाप घाबरवतोय, नाही सांगितलं तर बाप लपवतोय. तिच्या आईला विचारलं, ती म्हणते थंडीचे कपडे बघा आधी.

वहिनींचं दुकान कसं आहे? धाकट्याला दहावीला किती पडले? वास्तुशांतीला बोलावलं नाहीस, त्याचं भांडण भेटल्यावर.

फोन करू नकोस. ती समोरच असते, आणि तुझ्याशी बोलताना माझा चेहरा तिला वाचता येतो. पत्रच लिही.

तुझा,
बापू