पडलेल्या झाडांचे लाकूड वाया का जाते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पर्यावरणपूरक फर्निचर’ अशा पाट्या अलीकडे पर्वरीपासून मडगावपर्यंतच्या दुकानांवर दिसू लागल्या आहेत. ग्राहकांना या विषयाची जाण येऊ लागली, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु पाटीवरच्या विशेषणावर न विसंबता लाकूड कोठून आले, ते कशाने जोडले आहे आणि मोडल्यावर सुताराला ते दुरुस्त करता येईल का, एवढे तरी प्रत्येकाने दुकानदाराला विचारायला हवे. वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या आपल्या गोव्यात शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. पहिल्या प्रश्नाचे एक चांगले उत्तर तर दर पावसाळ्यात आपल्या दारातच आडवे पडते आणि आपण ते वाया घालवतो. त्याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सध्या सदनिकांमध्ये येणारी बरीचशी कपाटे, टेबले आणि पलंग पार्टिकल बोर्डाचे किंवा एमडीएफचे असतात. लाकडाचा भुसा, ढलप्या आणि तंतू रेझिनमध्ये, म्हणजे चिकटवणाऱ्या रासायनिक राळेत, कालवून, उष्णता व दाब देऊन हे तक्ते तयार होतात. टाकाऊ लाकडाचा त्यात उपयोग होत असल्याने कागदावर ते पर्यावरणाला अनुकूल ठरतात आणि कोरड्या हवेच्या प्रदेशात ते बरी सेवा देतातही. गोव्याची हवा मात्र त्यांना मानवत नाही. स्वस्त तक्त्यांत युरिया फॉर्मल्डिहाइडचे रेझिन असते. ओलावा आणि उष्मा एकत्र आले की त्याची पकड सैल होत जाते आणि फॉर्मल्डिहाइड वायू खोलीत सुटत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली हा वायू माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला आहे. असा तक्ता कसा निकामी होतो, ते स्वयंपाकघराच्या ओट्याखालील कपाटात पाहावे. आधी दाराच्या खालच्या कडेची पट्टी सुटते, मग त्या फटीतून ओल शिरून आतला भुसा फुगतो, लॅमिनेटला पोट येते आणि अखेर बिजागरीचा स्क्रू जागच्या जागी नुसता फिरत राहतो. असे दार सुतार हातातही घेत नाही, कारण रंधा मारायला त्यात लाकूडच नसते. ते कुजवून खत होत नाही आणि चुलीत घालणेही धोक्याचे असते. म्हणून ते रात्री कोणीतरी रस्त्याच्या कडेला आणून टाकतो. प्लायवूड घ्यायचेच असेल तर त्यावर भारतीय मानक ३०३ मधील ‘बीडब्ल्यूआर’ (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) प्रतीचा किंवा मानक ७१० चा शिक्का पाहून घ्यावा, कारण त्यातले फिनॉलिक रेझिन ओल पुष्कळ अधिक सोसते.

आपल्याकडच्या जुन्या सुतारांनी ही हवा पुरती ओळखली होती. चांदर येथील ब्रागांझा घराण्याच्या वाड्यातील कोरीव फर्निचर पाहायला लांबून लोक येतात. परंतु तेच शहाणपण साध्या घरातील फणसाच्या खुर्चीतही सापडते. तिची बैठक आणि पाठ वेताने विणलेली असल्याने दमट दिवसांत अंगाला वारा लागतो आणि लाकूडही थोडक्यात भागते. सांधे खाच पाडून, लाकडी खुंटी ठोकून बसवलेले असतात. पावसात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते, खुंटीही त्याच्याबरोबर फुगते-आकसते, आणि लोखंडी खिळ्यासारखी ती गंजून भोवतालचे लाकूड खात नाही. वेत तुटला तर बैठक नव्याने विणून घ्यावी, एक पाय किडला तर तेवढाच बदलावा, रंग उतरला तर चपड्याच्या पॉलिशचा हात फिरवावा, अशी ती वस्तू असते. फणसाचे लाकूड नवे असताना पिवळेधमक दिसते, पुढे वर्षे जातील तसे तपकिरी होत जाते आणि त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कार्बन असतो. तेव्हा चार पिढ्या वापरली जाणारी खुर्ची तेवढा कार्बन तितकी वर्षे हवेत जाऊ देत नाही.

जुन्या वस्तूंच्या कौतुकापोटी नवे शिसवी फर्निचर मागणे मात्र कोणी करू नये. शिसव जंगलातून विरळ झाली आहे आणि ती ज्या ‘डाल्बर्जिया’ वंशातली आहे, त्या संपूर्ण वंशाचा आंतरराष्ट्रीय व्यापार जानेवारी २०१७ पासून ‘साइट्स’ या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील कराराच्या नियंत्रणाखाली आला आहे.

मग लाकूड आणायचे कोठून? जून ते सप्टेंबर या काळात वादळी वाऱ्याने गोव्यात जागोजागी झाडे उन्मळून पडतात. त्यांत आंबा, फणस, माड आणि जांभळाची मोठमोठी झाडे असतात. अग्निशमन दलाचे जवान भर पावसात, विजेच्या तारा सांभाळत रस्ता मोकळा करतात, याबद्दल त्यांचे उपकारच मानायला हवेत. परंतु घाईच्या या कामात यांत्रिक करवतीने बुंध्याचे दोन-तीन फुटी ओंडके केले जातात आणि तिथेच त्या लाकडाचे भवितव्य ठरून जाते. एवढ्याशा तुकड्यातून टेबलाची फळी निघत नाही, पलंगाची पाटी निघत नाही, फार तर स्टुलाचे पाय निघतात. बाकीचे सारे जळणाला जाते किंवा गटाराच्या कडेला कुजते. साठ-सत्तर वर्षे वाढलेल्या फणसाचा असा शेवट पाहताना फार वाईट वाटते. जिथे जागा आहे आणि जीविताला धोका नाही, तिथे सरळ बुंधा किमान सात फूट लांबीचा राखून बाजूला सरकवावा, एवढी सूचना दिली तरी यातले बरेच लाकूड वाचेल.

अर्थात नुसता बुंधा राखून भागणार नाही. पावसात पडलेल्या लाकडाला बुरशी आणि भुंगा लवकर गाठतो. आंब्याचे लाकूड तर थोड्याच आठवड्यांत काळे-निळे पडू लागते. बुंध्याच्या दोन्ही तोंडांना मेण किंवा जुना रंग लावणे, तो लवकरात लवकर चिरून घेणे, बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणाची प्रक्रिया करणे, आणि फळ्यांमध्ये पट्ट्या ठेवून त्या छपराखाली, वारा खेळेल अशा रचणे, ही कामे वेळेवर व्हावी लागतात. एक इंच जाडीच्या फळीला नैसर्गिकरीत्या सुकायला साधारण वर्ष लागते. घरमालकाकडे यासाठी जागा नसते, माहिती नसते आणि परवान्यांच्या फेऱ्यांना तो धास्तावलेला असतो. गोवा, दमण आणि दीव वृक्षसंरक्षण कायदा १९८४ पासून लागू आहे आणि तो असायलाच हवा, कारण त्याच्याशिवाय आपली उरलीसुरली झाडे बांधकामांनी केव्हाच गिळली असती. परंतु वाऱ्याने पडलेले झाड आणि मुद्दाम तोडलेले झाड यांत कागदोपत्री फरक करून, पंचायतीच्या पंचनाम्यावर पडलेल्या झाडाचे लाकूड हलवण्याची सोय झाली, तर कायद्याचा हेतू जराही ढळणार नाही.

यासाठी प्रत्येक तालुक्यात निदान एक लाकूड आगार असावे, अशी माझी सूचना आहे. वनखात्याने ते चालवावे, चिराईची सोय तिथेच असावी, आणि झाडाच्या मालकाला एकतर मोबदला मिळावा किंवा चिरून सुकवलेल्या फळ्या परत मिळाव्यात. जुनी घरे पाडताना निघणारे वासे, तुळया, दारे-खिडक्याही तिथे घ्याव्यात. दशकानुदशके सुकलेले ते लाकूड आता फारसे वाकत नाही आणि आकसतही नाही. आमच्या डिचोली तालुक्यात खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर लावलेल्या ऑस्ट्रेलियन अकेशियाची झाडे पुष्कळ आहेत. ही परदेशी झाडे काढून देशी झाडे लावावीत, असे अनेक वर्षे बोलले जाते. तसे करताना निघणारे लाकूड जळणात न घालवता फर्निचरसाठी वापरावे, कारण ते चांगले कठीण आणि देखणे असते. फळ धरेनासा झालेला जुना माडही उपयोगी आहे. त्याच्या खोडाचा गाभा मऊ असला तरी बाहेरचा भाग लोखंडासारखा घट्ट असतो.

बांबूबद्दल फार लिहीत नाही, कारण शेजारच्या कुडाळमध्ये ‘कॉनबॅक’ या केंद्राने त्यावर बरेच काम करून दाखवले आहे. कोकणातला भरीव माणगा बांबू खुर्च्या-टेबलांना उत्तम चालतो. २०१७ च्या भारतीय वन कायद्यातील दुरुस्तीनंतर जंगलाबाहेर वाढवलेला बांबू या कायद्याच्या व्याख्येत ‘झाड’ राहिलेला नाही. बांबू तीन वर्षांचा झाल्यावर, पावसाळा संपून त्यातील पिष्ट कमी झाल्यावर तोडावा आणि त्यावर बोरॅक्सची प्रक्रिया करावी, नाहीतर भुंगा त्याचे पीठ पाडतो.

असे लाकूड विकत घेणारा पहिला मोठा ग्राहक सरकारच असायला हवा. शाळांची बाके, पंचायतींची टेबले, कार्यालयांची कपाटे यांच्या निविदा किमान दरावर निघतात आणि काही पावसाळ्यांतच तो माल व्हरांड्याच्या कोपऱ्यात ढीग होऊन पडतो. निविदेत ठरावीक वर्षांची हमी, सुटा भाग बदलता येण्याची अट आणि रेझिनचा प्रकार नोंदवण्याची सक्ती आली, तर गावोगावच्या सुतारांना आज न मिळणारे काम मिळेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मुलांनाही खाच-खुंटीचे सांधे शिकण्याला अर्थ येईल. सध्या या मुलांच्या हाती पटाशीपेक्षा स्क्रू मारायचे यंत्रच अधिक पडते.

आगारांना वेळ लागेल आणि निविदांच्या अटी बदलायलाही वेळ लागेल. पावसाळ्याचे दोन महिने मात्र अजून शिल्लक आहेत. बुंधे सात फुटी राखण्याची सूचना काढायला अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही आणि कायद्यात दुरुस्तीही लागत नाही. अग्निशमन व वन या दोन्ही खात्यांनी ती एकत्रितपणे चवथीपूर्वी काढावी आणि वाचलेले लाकूड तूर्त वनखात्याच्या आवारांत छपराखाली ठेवावे, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती करतो.

आपला विश्वासू,
एक वाचक, डिचोली