शेजारी डेटा सेंटर, आमच्याकडे नेट बंद: माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

मी नवी मुंबईतल्या घणसोली गावठाणात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान चालवते. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून मुद्द्याचं आधी. 2025 च्या नोव्हेंबरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी जेसीबी आला, पाण्याच्या लाईनसाठी खोदलं आणि त्यात नेटची केबल तुटली. काम कोणत्या खात्याचं, याचा फलक नव्हता. जेसीबीवाल्याला विचारलं तर म्हणाला, "ताई, मला फक्त खोदायला सांगितलंय." या सगळ्या प्रकरणात खरं बोललेला तेवढाच एक माणूस.

तेव्हापासून राऊटरवर लाल दिवा. मध्येच हिरवा होतो, जरा हरखून कामाला बसावं तर पुन्हा लाल. मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे 2017 साली काढले म्हणे. गेले कुठे ते आता कळलं.

दिवस कोणते होते तेही ऐका. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची मुदत 18 नोव्हेंबरला संपणार होती. बायका उजाडल्यापासून दुकानाच्या पायरीवर. आत रेंज नाही म्हणून मी लॅपटॉप स्टुलावर ठेवून रस्त्याच्या कडेला, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. आधार नंबर टाका, कॅप्चा टाका, ओटीपी मागवा. ओटीपी दहा मिनिटं जिवंत असतो, पण पान तेवढा वेळ तग धरत नाही. ते गोल गोल फिरतं आणि मरतं. मग पुन्हा पहिल्यापासून. त्यात नियम असा, की बाईचा ओटीपी झाला की नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारचा ओटीपी. समोर एक मावशी होत्या. नवरा वारलेला, वडील त्याच्याही आधी. स्क्रीनवरची रिकामी चौकट दाखवली तर म्हणाल्या, "मंग आता कोनाला उठवू?" रांग खदाखदा हसली, मावशीही हसल्या. मला काही हसू आलं नाही.

पुढे मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली, नवरा-वडील नसलेल्यांचे कागद अंगणवाडी सेविकेने घ्यायचे ठरलं. आभारी आहोत. पण हे सगळं सुचलं मुदत संपायच्या तोंडावर. तोवर धुण्याभांड्याच्या कामावर खाडे करून बायका बसल्याच होत्या. महिन्याच्या पंधराशेसाठी किती खाडे परवडतात, हे मंत्रालयात कोणी मांडून बघितलंय का? माझं तर विचारूच नका. डेटा दुपारीच संपायचा, वरचे रिचार्ज माझ्या खिशातून. रांगेतल्या बायकांकडून जास्तीचे पैसे कोणत्या तोंडाने मागायचे? माझ्या पोराची नोकरीची ऑनलाइन मुलाखत याच भानगडीत अर्ध्यावर तुटली. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही, जणू केबल मीच तोडली!

तक्रार केली हो. कंपनीच्या ॲपवर नोंदवली की संध्याकाळी मेसेज हजर: "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." तो मेसेज मात्र लाल दिव्यातूनही वाट काढून येतो. वायरच्या कनेक्शनचा बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर ग्राहकाला भरपाई द्यायची, असं ट्रायच्या, म्हणजे फोन-नेट कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेच्या, 2024 च्या नियमांत आहे. वाचून बरं वाटलं. पण त्यांच्या वहीत माझा बिघाड त्याच संध्याकाळी संपलेला. मग तीन दिवस मोजायचे कुठून?

कंपनी म्हणते, खोदणाऱ्याला विचारा. खोदणारे ठेकेदाराकडे बोट दाखवतात. ठेकेदार फोन उचलत नाही. आणि तुमच्याकडून उत्तर आलंच तर ते मला आत्ताच पाठ आहे: दूरसंचार हा केंद्राचा विषय आहे.

बरं, केंद्राचं बघू. 22 मार्च 2023 ला पंतप्रधानांच्या हस्ते 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू झालं. खोदण्याआधी त्यावर कळवायचं, म्हणजे खाली ज्यांच्या केबल आणि पाइप आहेत त्यांना निरोप जातो. वाटेल तसं खोदल्यामुळे देशाचं वर्षाला सुमारे 3000 कोटींचं नुकसान होतं, हा आकडा तेव्हा सरकारनेच दिला. म्हणजे रोज आठ कोटी खड्ड्यात. यात माझं दुकान धरलंय की ते वेगळं? ॲप असेल चांगलं. आमच्या गल्लीत खोदणाऱ्यांपैकी ते कोणाच्या फोनमध्ये असेल, असं काही मला वाटत नाही.

आता पोटातलं बोलते. आमच्या गच्चीवरून रबाळे-ऐरोलीकडे बघितलं की डेटा सेंटरच्या, म्हणजे जगाची माहिती साठवणाऱ्या संगणकांच्या, बिनखिडक्यांच्या इमारती दिसतात. तिथे विजेच्या दोन-दोन लाईनी, फायबर दोन-दोन वाटांनी, वर डिझेलचे जनरेटर. एक बंद पडलं तर दुसरं तयारच. देशातल्या डेटा सेंटरच्या क्षमतेपैकी जवळपास निम्मी मुंबई परिसरात आहे, हे तुम्ही लोक छाती फुगवून सांगता. 2023 च्या आयटी धोरणात त्यांना सवलतीही दिल्यात. द्या. पण ती जमीन कोणाची होती, साहेब? आधी कारखान्यांसाठी एमआयडीसीने घेतली, 1970 नंतर नवी मुंबई वसवायला सिडकोने. आमच्या आजेसासऱ्यांची भातशेती त्यातच गेली, आणि मिळालेला भाव घरात आजही कोणी मोठ्याने सांगत नाही. 1984 च्या जानेवारीत जमिनीच्या आंदोलनात उरणकडे जासई-दास्तान आणि नवघरला मिळून पाच जण पोलिसांच्या गोळीबारात गेले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत द्यायचा विषय हलला. एवढं होऊनही आमची घरं कागदोपत्री अनधिकृत. नेट जोडणारा पोरगा सांगतो, "काकू, गावठाणात डक्टच नाही, केबल टाकायची जमिनीखालची नळी." म्हणून केबल खांबावरून आंब्यावर, आंब्यावरून गच्चीतल्या टाकीच्या पाइपला गाठ मारून घरात. जगाचे फोटो आणि बँकांचे हिशेब ठेवायला आमची शेतं चालतात, आणि आमच्या दारापर्यंत एक धड वायर आणायची म्हटलं की नियम आडवे येतात, नकाशा सापडत नाही आणि खातंही कोणाचं नसतं.

फार काही मागत नाही. खड्ड्याशेजारी खोदणाऱ्याचं नाव आणि लागणारा फोन नंबर असलेला फलक लावायला लावा. तोडलेल्या केबलचे पैसे ठेकेदाराच्या बिलातून कापा. गावठाणांतही डक्ट टाका. यातलं कोणतं काम कोणाच्या अखत्यारीत येतं ते तुम्ही आपापसांत ठरवा, पगार त्याचाच घेता.

आणि पुढच्या डेटा सेंटरच्या भूमिपूजनाला इकडे आलात तर कुदळ मारायच्या आधी तेवढं ॲप उघडून बघा, खाली कोणाची केबल आहे का ते.

आपली,
घणसोली गावठाणातली एक दुकानदार