‘स्मूद’ म्हणजे किती, तेही छापावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या तंत्रज्ञान पुरवणीत मोबाइल अ‍ॅप्सची तुलना करणारे लेख अधूनमधून येतात आणि मी ते आवर्जून वाचते. अशा लेखात सहसा एक तक्ता असतो आणि त्यात प्रत्येक अ‍ॅपच्या नावासमोर ‘स्मूद’, ‘ठीक’, ‘अडखळते’ असे शेरे किंवा पाचपैकी तारे दिलेले असतात. लेखकाने ती अ‍ॅप्स मनापासून वापरून पाहिली असणार, याविषयी मला शंका नाही. परंतु ती कोणत्या फोनवर पाहिली, त्या पडद्याचा रिफ्रेश रेट (म्हणजे तो सेकंदाला किती वेळा ताजा होतो तो आकडा) किती होता, अ‍ॅप आधीपासून मेमरीत होते की पूर्ण बंद करून नव्याने उघडले, आणि चाचणी एकदाच केली की अनेकदा, यांपैकी काहीच तेथे छापलेले नसते. गेली काही वर्षे अ‍ॅप्स तपासणे हेच माझे काम आहे. या चार गोष्टी माहीत नसताना एक अ‍ॅप दुसऱ्यापेक्षा जलद आहे असे म्हणता येत नाही, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पडद्यावर दिसणारी हालचाल म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रे, अर्थात फ्रेम्स. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला साठ वेळा ताजा होतो, म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. ९० हर्ट्झच्या पडद्यावर ही मुदत ११.१ आणि १२० हर्ट्झच्या पडद्यावर अवघी ८.३ मिलिसेकंद उरते. अ‍ॅपने मुदत चुकवली तरी पडदा त्याच्यासाठी थांबत नाही. तो आधीचीच फ्रेम पुन्हा दाखवतो आणि बोटाबरोबर सरकणारी यादी क्षणभर जागीच अडते. आमच्या कामात या अडखळण्याला ‘जँक’ म्हणतात. २०१२ मध्ये अँड्रॉइड ४.१ आले तेव्हा ‘प्रोजेक्ट बटर’ या नावाने गूगलने नेमके याच दुखण्यावर काम केले होते, आणि फ्रेम काढण्याची वेळ पडद्याच्या ठोक्याशी जुळवणे हा त्याचा गाभा होता. पुढे ठोकाच बदलला. अ‍ॅपलने २०१७ मध्ये आयपॅड प्रोला आणि २०२१ मध्ये आयफोन १३ प्रोला १२० हर्ट्झपर्यंत जाणारा पडदा दिला. अँड्रॉइड फोनही त्याच वाटेने गेले. परिणामी ज्या अ‍ॅपला एक फ्रेम काढायला १२ मिलिसेकंद लागतात, ते ६० हर्ट्झच्या फोनवर निर्दोष ठरते आणि १२० हर्ट्झच्या फोनवर वरचेवर मुदत चुकवते. अ‍ॅप तेच असते, फक्त निकाल दोन लागतात. यातला कोणता निकाल आपल्या तक्त्यात छापला आहे, हे वाचकाने कसे ओळखावे?

काही लेखांत शेऱ्याऐवजी आकडा असतो आणि तो बहुधा ‘सेकंदाला सरासरी इतक्या फ्रेम्स’ असा असतो. आकडा दिसला की वाचकाचा विश्वास बसतो, म्हणून या सरासरीबद्दल थोडे सविस्तर लिहिते. समजा, ६० हर्ट्झच्या पडद्यावर आपण दहा सेकंद यादी सरकवली. एकही फ्रेम गळली नाही तर ६०० फ्रेम्स होतात. आता मधेच एकदा अर्धा सेकंद पडदा गोठला, तर तीस फ्रेम्स बुडाल्या, ५७० उरल्या आणि सरासरी आली ५७. तक्त्यात ५७ हा आकडा ६० च्या शेजारी अगदी सन्मानाने बसतो. वापरणाऱ्याने मात्र अर्धा सेकंद गोठलेला पडदा पाहिलेला असतो, आणि त्याच्या लक्षात राहतो तो तेवढाच. याउलट त्याच तीस फ्रेम्स दहा सेकंदांत एकेक करून विखुरल्या असत्या, तरीही सरासरी ५७ च आली असती. मग दिसली असती ती सर्वभर पसरलेली बारीक थरथर. दोन वेगळे दोष, दोन वेगळी कारणे, त्यांवरचे उपायही वेगळे, आणि सरासरीच्या लेखी दोन्ही सारखेच.

म्हणूनच या क्षेत्रात सरासरीपेक्षा उशीर किती आणि कसा झाला हे पाहतात. अ‍ॅप्सची कामगिरी मोजणाऱ्या गूगलच्या ‘अँड्रॉइड व्हायटल्स’मध्ये ७०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ घेणारी फ्रेम ‘गोठलेली’ म्हणून वेगळी मोजली जाते. अ‍ॅपलची पद्धत मला अधिक पटते: सरकवण्याच्या दर सेकंदामागे किती मिलिसेकंदांचा उशीर झाला, हे तेथे मोजतात; तो पाचच्या खाली असेल तर चांगले आणि दहाच्या वर गेला तर गंभीर मानतात. दर सेकंदामागचे प्रमाण असल्यामुळे एकाने पाच सेकंद आणि दुसऱ्याने वीस सेकंद चाचणी केली तरी त्यांचे आकडे शेजारी ठेवता येतात. सरासरीच द्यायची असेल, तर तिच्याबरोबर सर्वांत मंद एक टक्का फ्रेम्सना किती वेळ लागला तो आकडा तरी द्यावा.

माझ्याच कामातला एक अनुभव सांगते. एका अ‍ॅपच्या जुन्या आणि नव्या आवृत्तीची तुलना माझ्याकडे आली होती. प्रणालीच्या नोंदीनुसार नवी आवृत्ती जलद होती, पहिला पडदा लवकर उमटत होता, आणि त्या जोरावर आम्ही ती पुढे पाठवली. आठवडाभरात तक्रारी सुरू झाल्या की अ‍ॅप पूर्वीपेक्षा मंद झाले आहे. नोंदी पुन्हा पाहिल्या, त्या बरोबरच होत्या. मग दोन्ही आवृत्त्या एकाच फोनवर आळीपाळीने उघडल्या आणि दुसऱ्या फोनच्या स्लो मोशन कॅमेऱ्याने सेकंदाला २४० फ्रेम्सच्या वेगाने बोट आणि पडदा दोन्ही टिपले. या वेगात प्रत्येक फ्रेम ४ मिलिसेकंदांपेक्षा किंचित मोठी असते. बोट काचेला टेकले ती फ्रेम शून्य धरून एकेक फ्रेम पुढे सरकवत मी मोजत गेले. जुन्या आवृत्तीत पहिला पडदा २८८ व्या फ्रेमला, म्हणजे १.२ सेकंदांनी दिसला. नव्या आवृत्तीत २१६ व्या, म्हणजे ०.९ सेकंदांनीच. नोंदी खरेच बोलत होत्या. पण नव्या आवृत्तीतल्या त्या पहिल्या पडद्यावर करड्या रिकाम्या पट्ट्यांखेरीज काही नव्हते. मजकूर आला, मग चित्रे आली, आणि प्रत्येक चित्राने खालचा मजकूर आणखी खाली ढकलला. सर्व जागेवर स्थिरावले ती फ्रेम जुन्या आवृत्तीत ४३२ वी होती, म्हणजे १.८ सेकंद, आणि नव्या आवृत्तीत ६०० वी, म्हणजे तब्बल अडीच सेकंद. एका चित्रणात तर माझे बोट एका ओळीवर टेकायला आणि ती ओळ खाली घसरायला एकच गाठ पडली आणि भलतेच पान उघडले. तक्रार करणाऱ्यांना नेमके हेच म्हणायचे होते, आणि आम्ही ते मोजलेच नव्हते.

याचा अर्थ रिकाम्या पट्ट्या दाखवणे नेहमीच फसवे असते असे नाही. काहीतरी येत आहे एवढे कळले तरी वाट पाहणे सुसह्य होते. मात्र ‘उघडले’ म्हणजे काय, हे तुलना करणाऱ्याने आधी ठरवायला हवे: काहीतरी दिसू लागले तो क्षण, की वापरता येऊ लागले तो क्षण. वेबपानांसाठी ‘स्पीड इंडेक्स’ हे मापन २०१२ पासून आहे. त्यात पडदा कोणत्या क्षणी किती टक्के भरला हे चित्रणावरून काढून सगळा प्रवास जमेस धरतात. अ‍ॅपच्या चित्रणालाही हीच रीत लावता येते.

उघडण्याच्या वेळेबाबत आणखी एक घोटाळा मला वारंवार दिसतो. पूर्ण बंद असलेले अ‍ॅप उघडणे म्हणजे कोल्ड स्टार्ट, आणि मागे जिवंत असलेले पुन्हा समोर आणणे म्हणजे हॉट स्टार्ट. दोन्हींत इतकी तफावत असते की अँड्रॉइड व्हायटल्समध्ये पहिल्यासाठी ५ सेकंद आणि दुसऱ्यासाठी १.५ सेकंद अशा वेगवेगळ्या मर्यादा आहेत. त्या गाठल्या की उशीर अवाजवी समजला जातो. तुलनेत एक अ‍ॅप नुकतेच वापरलेले आणि दुसरे नुकतेच बसवलेले असेल, तर आपण अ‍ॅपची नव्हे, फोनच्या मेमरीची परीक्षा घेत असतो.

परिस्थितीची काळजी घेणे हे या कामातले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत गरजेचे अंग आहे. फोन तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, त्यामुळे रांगेत शेवटी तपासलेल्या अ‍ॅपवर विनाकारण अन्याय होतो. म्हणून क्रम बदलत राहावे आणि मधे फोन थंड होऊ द्यावा. बॅटरी वाचवण्याची सोय चालू असेल तर अनेक फोनांचा रिफ्रेश रेटही खाली येतो. पडद्याचे चित्रण त्याच फोनमध्ये केले तर चित्रण करण्याचा भारही त्याच फोनवर पडतो, म्हणून कॅमेरा बाहेरचा असलेला बरा. आणि पडद्यावर काहीच हलत नसताना फ्रेम्सचा आकडा खाली गेला, तर तो दोष समजू नये. नव्या फ्रेमची गरजच नसते तेव्हा ती न काढणे हे बॅटरीच्या हिताचेच असते.

या मिलिसेकंदांना एवढे महत्त्व कशासाठी, असे कोणी विचारील. माणूस आणि संगणक यांच्यातील प्रतिसादाच्या वेळेचा विचार संशोधक रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्येच मांडला होता, आणि वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नीलसन यांनी १९९३ मध्ये सांगितलेल्या मर्यादा आजही वापरल्या जातात: ०.१ सेकंदाच्या आत प्रतिसाद आला तर तो तत्काळ वाटतो, एक सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही, आणि दहा सेकंदांनंतर लक्ष उडते. या मोजपट्टीवर ठेवले तर दोन अ‍ॅप्सच्या उघडण्यातला वीस मिलिसेकंदांचा फरक ‘विजेता’ ठरवण्याइतका नसतो. तो एकाच अ‍ॅपच्या लागोपाठच्या दोन चाचण्यांतही सहज दिसू शकतो. म्हणून चाचणी किमान दहा वेळा करावी, मधला आकडा द्यावा आणि त्यासोबत सर्वांत वाईट आकडाही द्यावा.

पुरवणीत जागा थोडी असते आणि सर्व वाचकांना या तपशिलात रस नसतो, याची मला जाणीव आहे. मी मागते आहे ती तक्त्याखाली चार ओळींची एक चौकट: फोनचे मॉडेल व प्रणालीची आवृत्ती, रिफ्रेश रेट, उघडण्याचा प्रकार व ‘उघडले’ची व्याख्या, चाचण्यांची संख्या व जोडणी वाय-फाय की मोबाइल डेटा. शिवाय एक कळकळीची विनंती आहे. बाजारात नुकताच आलेला महागडा फोन अ‍ॅपचे पुष्कळ दोष झाकतो. त्याच्यावर जवळपास सगळीच अ‍ॅप्स ‘स्मूद’ दिसतात. तेव्हा प्रत्येक तुलना चार-पाच वर्षे जुन्या, मेमरी भरत आलेल्या एका साध्या फोनवरही करावी आणि तिचे आकडे शेजारच्या रकान्यात द्यावेत. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या हातात तसाच फोन आहे, आणि कोणते अ‍ॅप घ्यावे हा प्रश्न सर्वांत जास्त त्यांनाच पडतो.

आपली,
अ‍ॅप चाचणीचे काम करणारी एक वाचक