आई-बाबा, यंदा दिवाळीला मी येत नाहीये

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आधी आई रडते, मग मी रडते आणि बाबा "बरं, बरं" म्हणून फोन ठेवून देतात. म्हणून पत्र. दादाला मोठ्या अक्षरात छापून द्यायला सांगितलंय, बाबांच्या डोळ्याला ताण नको.

यंदा दिवाळीला मी येत नाहीये. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनलाही मी नसेन. तिकीट रद्द केलं. आणि दुसरं, मी नोकरी सोडली. राजीनामा देऊन तीन आठवडे झाले. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, कळतं मला. पण विचारलं असतं तर तुम्ही "जरा थांब" म्हणाला असतात आणि मी थांबले असते.

काळजीचं आधी सांगून टाकते. ग्रीन कार्ड येऊन दोन वर्षं झाली, त्यामुळे नोकरी नाही म्हणून कुणी मला देशाबाहेर काढत नाही. आठ महिन्यांचं भाडं बाजूला ठेवलंय. विमा चालू आहे. घरात तूरडाळ आहे, तांदूळ आहे, आईने दिलेल्या कांदा-लसूण मसाल्याची अर्धी बरणी अजून शिल्लक आहे. थंडीचे बूट नवे घेतलेत. आणि आई, मी रात्रीचं जेवते. ताट वाढून, बसून जेवते.

बाबा, तुम्ही दोघं इकडे आला होतात तेव्हा मी तुम्हाला आमच्या युनिव्हर्सिटीच्या स्टेडियमवर नेलं होतं, आठवतं? आईने स्वेटरवर दोन शाली घेतल्या होत्या. एवढी गर्दी बघून तुम्ही विचारलंत, "ही कॉलेजचीच पोरं ना?" कॉलेजचीच. पण इथे शनिवारची फुटबॉल मॅच म्हणजे आख्ख्या गावाची जत्रा असते. कितीतरी राज्यांत सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे युनिव्हर्सिटीचा फुटबॉल कोच, राज्यपाल नव्हे. एवढा पैसा आणि एवढी भक्ती एका संघाभोवती जमली की त्या संघातल्या कुणाविरुद्ध तक्रार आली तर काय होतं, ते मी जवळून पाहिलंय.

तुम्ही शेजारी सांगता, लेक युनिव्हर्सिटीत ऑफिसर आहे. मी नेमकं काय करत होते ते मी कधी नीट सांगितलंच नाही. आई झोपणार नाही, याची भीती वाटायची. इथे १९७२ चा एक कायदा आहे, टायटल नाइन म्हणतात. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणाशी स्त्री-पुरुष म्हणून भेदभाव करता येत नाही. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीही त्यातच येतात. त्या ऐकायच्या, लिहून घ्यायच्या, चौकशी करायची, हे माझं काम. समोर बसलेली मुलगी बहुतेक वेळा एकोणीस-वीस वर्षांची असायची. मी तिला पाणी द्यायची, पेन खाली ठेवायची आणि ती बोलेपर्यंत थांबायची.

दीड वर्षापूर्वी एक मुलगी आली. तिच्याबद्दल मी काही लिहिणार नाही, तेवढा तिचा हक्क आहे. तक्रार फुटबॉलच्या दोन खेळाडूंविरुद्ध होती. चौकशी अर्धीही झाली नव्हती, तोवर फाइल माझ्याकडून काढून घेतली. मी वरच्यांना विचारलं. "बघतो," म्हणाले. मी लेखी कळवलं, पोच घेतली, आणि बाबा, पोच घेतली म्हणून मला बरं वाटलं. माझं काम मी केलं, असं वाटून मी घरी जाऊन झोपले. ती मुलगी शिक्षण सोडून गेली. आता तिने युनिव्हर्सिटीवर दावा लावलाय आणि तिच्या वकिलांनी मला साक्षीला बोलावलंय. शपथेवरचा जबाब नेमका दिवाळीच्या आठवड्यात आहे. तारीख पुढे ढकलून मागता आली असती. नाही मागितली. ती मुलगी आधीच पुष्कळ थांबलीये.

पेन स्टेटचं प्रकरण तुमच्या कानावर आलं नसेल. पेनसिल्व्हेनियातली ही युनिव्हर्सिटी, स्टेडियममध्ये एक लाख सहा हजारांच्या वर माणूस बसतो. जो पटर्नो हे तिथले ४६ हंगाम मुख्य कोच, ४०९ विजय, स्टेडियमबाहेर त्यांचा पुतळा. त्यांचा जुना सहकारी जेरी सॅंडस्की गरजू मुलांसाठी संस्था चालवायचा आणि त्यातल्याच मुलांवर अत्याचार करायचा. २००१ साली एका तरुण मदतनीस कोचने त्याला रात्री शॉवरच्या खोलीत एका लहान मुलासोबत पाहिलं. त्याने आधी स्वतःच्या वडिलांना फोन केला. दुसऱ्या दिवशी पटर्नोंना सांगितलं. पटर्नोंनी क्रीडा संचालकाला सांगितलं. तिथून गोष्ट युनिव्हर्सिटीच्या अध्यक्षांपर्यंत गेली. जो तो आपल्या वरच्याला सांगून मोकळा झाला. पोलिसांना कुणीच कळवलं नाही. सॅंडस्कीला अटक झाली नोव्हेंबर २०११ मध्ये, दहा वर्षांनी.

त्या दहा वर्षांचा विचार मला रात्री झोपू देत नाही.

पटर्नोंना काढलं तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर उतरले, त्यांनी टीव्हीची गाडी उलटवली. मुलांसाठी नव्हे, कोचसाठी. सॅंडस्कीला दहा मुलांच्या प्रकरणात ४५ आरोपांवर दोषी ठरवलं, ३० ते ६० वर्षांची शिक्षा झाली. युनिव्हर्सिटीला सहा कोटी डॉलरचा दंड झाला, जुने विजय काढून घेतले, पुतळा हलवला. पुढे २०१५ मध्ये विजय परत दिले. अध्यक्षांना मुलांची सुरक्षितता धोक्यात घातल्याबद्दल दोषी ठरवायला २०१७ उजाडलं. पटर्नो त्याआधीच, जानेवारी २०१२ मध्ये गेले. नोकरी गेली त्याच दिवशी ते म्हणाले होते, आता मागे वळून बघताना वाटतं, मी आणखी काही करायला हवं होतं. ते वाईट माणूस होते असं मला वाटत नाही, बाबा. म्हणूनच त्यांचं हे वाक्य मला फार लागतं.

दुसरं टेक्सासमधलं बेलर. बाप्टिस्ट पंथाची धार्मिक युनिव्हर्सिटी. तिचे अध्यक्ष होते केन स्टार, क्लिंटनच्या चौकशीवाले. तेव्हा तुम्ही पेपरातल्या त्या बातम्या मोठ्याने वाचायचात आणि आई "पोरांसमोर नको" म्हणायची. विश्वस्तांनी स्वतःच सांगितलेला आकडा असा, २०११ पासून १७ स्त्रियांच्या तक्रारी, १९ फुटबॉल खेळाडूंविरुद्ध. २०१६ मध्ये कोच गेले, स्टार यांचंही पद गेलं. आणि २०२१ मध्ये कॉलेज खेळांच्या मंडळाने निकाल दिला, की नैतिक अपयश मोठं आहे, पण तक्रारी पुढे न कळवणं हा आमच्या नियमांचा भंग ठरत नाही. बाकीच्या बारीकसारीक गोष्टींसाठी दंड किती, तर ५,००० डॉलर आणि चार वर्षं देखरेख. खेळाडूने कुणाकडून फुकट काही घेतलं तर त्यासाठी त्यांच्याकडे पानंच्या पानं नियम आहेत. या मुलींसाठी त्यांना एक कलम सापडलं नाही. तो निकाल मी ऑफिसात बसून वाचला होता. तेव्हाच मला कळलं, की हिशेब मागायचा तर कोर्टातच मागावा लागेल. आणि कोर्टात कुणीतरी आतल्या माणसाने बोलावं लागेल.

बाबा, आता जे लिहितेय ते लिहू की नको, म्हणून चार दिवस पत्र अडून राहिलं.

सायकलच्या पुढच्या दांडीवर टॉवेल गुंडाळून तुम्ही मला कबड्डीच्या मैदानावर न्यायचात. चुन्याच्या रेषा आखायला मला डबा धरायला द्यायचात. माझे हात पांढरे झाले की तुमच्या धोतराला पुसायची मी. त्या मैदानावरची पुढच्या आळीतली ताई तुम्हाला आठवते, मला माहीत आहे. तुम्ही हेडसरांकडे गेला होतात. त्या गावात तेव्हा दुसरं कुणीही गेलं नाही, तुम्ही गेलात. आल्यावर आईला म्हणालात, "सांगून आलोय, बघतो म्हणालेत." त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत, मी अंथरुणातून पाहत होते. पुढचं आपण घरात कधी बोललो नाही. मी तुम्हाला दोष देत नाहीये. कुणाला तरी जाऊन सांगावं लागतं, हे मी तुमच्याकडूनच शिकले. फक्त माझ्यापुढे पुढच्या पायरीचं दार उघडं आहे. तुमच्यापुढे तेव्हा नव्हतं.

२०२३ मध्ये कुस्तीगीर विनेश आणि साक्षी लैंगिक छळाच्या तक्रारीवरून जंतरमंतरवर धरणं धरून बसल्या होत्या, तेव्हा तुम्ही मला मध्यरात्री फोन करून म्हणालात, "पोरी ऐकत नाहीत, बरं झालं." ते मी जपून ठेवलंय.

ऑपरेशनचं सगळं दादाशी बोलले आहे. मिरजेला जाताना रिक्षा नको, दादाची गाडी येईल. आदल्या दिवशी कुठल्या गोळ्या घ्यायच्या ते डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या. नंतर खाली वाकायचं नाही, बादली उचलायची नाही, डोळा चोळायचा नाही. आई, घाटावरून गणपतीच्या देवळापर्यंत चालत जायचा हट्ट त्यांनी धरला तर तू माझं नाव सांग. तुझी बीपीची गोळी सकाळी चहाबरोबर, "विसरले" चालणार नाही. चकली विकत आणा. यंदा भट्टीसमोर बसायचं नाही म्हणजे नाही.

जानेवारीत येते, महिनाभर राहते. तेव्हा नवीन नोकरीचंही बघितलेलं असेल. अत्याचार झालेल्या मुलींना मदत करणाऱ्या इथल्या एका छोट्या संस्थेशी बोलणं चालू आहे. पगार कमी आहे, पण मला पुरेल.

तुमची,
चिमी

ता. क. आईकडे त्या ताईचा नंबर आहे, पुण्याला असते ती आता. मी मागच्या आठवड्यात बोलले तिच्याशी. बाबांची तब्येत विचारत होती. पट्टी निघाली आणि नीट दिसायला लागलं, की वाटलं तर तुम्ही तिला एक फोन करा. नाही वाटलं तरी चालेल. मला मात्र त्याच दिवशी व्हिडिओ कॉल हवा.